लोणकढी थाप आणि शेजारधर्म : उपनगरी मुंबईतील मुलांशी बोलल्या जाणाऱ्या लहानसहान असत्यांचे विवेचन

प्रास्ताविक

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत सायंकाळी पाच ते आठ या वेळेत दारावरची घंटा वारंवार वाजते. दारात उभे असते ते शेजारचे एखादे मूल. "काकू, बॉल आलाय का?", "काका, गच्चीची चावी द्या ना", "आजी, तो खेळायला येतोय का?", "तुमच्या मोबाइलवर पाच मिनिटं गेम खेळू?" असे त्याचे प्रश्न असतात. त्यांना मिळणारी उत्तरेही ठरावीक असतात. चेंडू आलाच नाही, चावी सचिवांकडे आहे, तो झोपला आहे, मोबाइलची बॅटरी संपली आहे. यांतील बरीच उत्तरे खरी नसतात आणि देणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. मराठीत अशा बेमालूम, सफाईदार असत्याला 'लोणकढी थाप' हा नेमका शब्द आहे.

या थापांची दखल नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच घेतली जाते. त्या इतक्या क्षुल्लक असतात की त्यांचा विचार करणे हाच अतिरेक वाटावा. परंतु मूल घराबाहेरच्या जगाशी पहिला व्यवहार करते तो शेजाऱ्याशी. आईवडिलांव्यतिरिक्त मोठ्या माणसाच्या शब्दावर किती विसंबावे, याचा पहिला धडा त्याला शेजारच्या दारातच मिळतो. प्रस्तुत लेखात या लहान असत्यांची सामाजिक कारणे, मुलाच्या मनावर होणारा त्यांचा परिणाम, परंपरेने व आधुनिक नीतिविचाराने त्यांना दिलेले स्थान आणि व्यवहारातील पर्याय यांचा क्रमाने विचार केला आहे.

उपनगरी शेजाराची घडण

अंधेरी व घाटकोपर हे भाग १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतून अनेक मराठी कुटुंबे पुढील काळात या उपनगरांत स्थलांतरित झाली. चाळीत सामाईक गॅलरी होती आणि दारे दिवसभर उघडी असत. मुलाने कुणाच्या घरात जावे आणि केव्हा बाहेर यावे, हे कुणी शब्दांत सांगत नसे. उपनगरातील सदनिकेने या व्यवहाराला बंद दार आणि घंटा दिली. उघड्या दारातून मूल सहज आत येई व सहज बाहेर काढलेही जाई. बंद दारापाशी मात्र प्रत्येक भेट ही एक विनंती बनली. विनंती आली की तिला उत्तर देणे भाग पडते आणि नकारार्थी उत्तर गोड करण्याची गरजही तेथेच निर्माण होते.

या असत्यांना इतिहासही आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर बरीच वर्षे एका इमारतीत मोजक्याच घरांत दूरचित्रवाणी संच असे आणि शनिवार-रविवारी त्या घरात शेजारची मुले जमत. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी 'रामायण' मालिका दाखवली जात असे, तेव्हा ही गर्दी आणखी वाढली. घरात आजारी माणूस असेल, पाहुणे येणार असतील किंवा केवळ एक रविवार निवांत हवा असेल, तर "टीव्ही बिघडलाय", "अँटेना हललाय" अशी सबब पुढे केली जाई. भिंतीपलीकडून पाच मिनिटांत शीर्षकगीताचे सूर ऐकू आले की सबब उघडी पडे. पुढे संच घरोघरी आले आणि ही थाप लोप पावली. तिची जागा मोबाइलच्या संपलेल्या बॅटरीने आणि बंद पडलेल्या वायफायने घेतली. साधने बदलली तरी प्रसंगाचे स्वरूप तेच राहिले.

मुलांच्या चिकाटीमागे जागेचा प्रश्नही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत भूखंडाच्या आकारानुसार १५, २० व २५ टक्के मनोरंजनासाठी मोकळी जागा राखण्याची तरतूद होती. पुनर्विकासाच्या लाटेत ही जागा वाहनतळावरील पोडियमवर नेण्याची प्रथा वाढली. अखेर डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी किमान जागा जमिनीवरच असली पाहिजे, असा निर्णय दिला. तरीही जुन्या इमारतींच्या आवारात वाहने उभी असतात. दोन मोटारींमधील पट्टी हेच मुलांचे क्रिकेटचे मैदान ठरते. अशा मैदानावरचा चेंडू तळमजल्याच्या गॅलरीत जाणे अटळ असते. त्या अर्थी दारात उभे असलेले मूल हे केवळ हट्टी नसते. शहराने त्याच्या वाट्याची जमीन अन्य कामी लावलेली असते.

असत्याचे प्रकार

शेजारच्या मुलांना सांगितल्या जाणाऱ्या असत्यांचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार अभावाचा. खाऊ संपला, फटाके संपले, सुटे पैसे नाहीत. होळीची पोस्त किंवा बालमंडळाच्या गणपतीची वर्गणी मागणाऱ्या मुलांना "साहेब घरी नाहीत" असे सांगितले जाते, तेही याच प्रकारात मोडते.

दुसरा प्रकार परभाराचा. येथे नकाराची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली जाते. गच्चीला कुलूप लावायला कमिटीने सांगितले आहे, वॉचमन ओरडेल, आजोबांना आवाज सहन होत नाही. प्रत्यक्षात कमिटीत तसा ठराव झालेला नसतो आणि आजोबा गॅलरीत बसून तोच खेळ आवडीने पाहत असतात.

तिसरा प्रकार भयाचा. लहानग्यांसाठी बागुलबुवा आणि झोळीवाला, थोड्या मोठ्यांसाठी पोलीस. "परत बेल वाजवलीस तर पोलिसांना फोन करीन" हे वाक्य उपनगरांत अपरिचित नाही. हा प्रकार चारही प्रकारांत सर्वाधिक घातक म्हणावा लागेल. संकटात सापडलेल्या मुलाने ज्याच्याकडे धाव घ्यायची, त्याचीच येथे भीती घातली जाते.

चौथा प्रकार कालहरणाचा. "नंतर ये", "उद्या बघू", "परीक्षा झाली की देते." बोलणाऱ्याच्या दृष्टीने हे असत्य नसतेच, ती बोलण्याची रीत असते. मूल मात्र 'उद्या' या शब्दाचा अर्थ उद्या असाच घेते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दारात हजर होते.

खरा श्रोता कोण?

आईवडील मुलाला सरळ नकार देऊ शकतात, मग शेजारी का देऊ शकत नाही? या प्रश्नाचे उत्तर मुलापाशी नसून मुलाच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांपाशी आहे. "नाही देत" हे शब्द जिना चढून मुलाच्या आईपर्यंत जातात आणि तेथे पोचेपर्यंत त्यांना धार चढलेली असते. मुलाला दिलेला नकार हा त्या कुटुंबाला दिलेला नकार ठरण्याचा संभव असतो. पाण्याच्या टाकीपासून वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत ज्यांच्याशी रोज संबंध येतो, त्यांच्याशी असलेला सलोखा एका चेंडूपायी बिघडवणे कुणालाच परवडत नाही. म्हणून नकाराला दोषमुक्त कारण जोडले जाते. थाप मुलाला मारली जाते, परंतु ती तयार केलेली असते मुलाच्या पालकांसाठी.

यातूनच एक विपरीत परिणाम घडतो. सबब सांगणारा माणूस नकळत असे सुचवत असतो की, ही अडचण नसती तर होकार मिळाला असता. चाणाक्ष मूल नेमके तेवढेच उचलते. तो झोपला आहे, तर केव्हा उठेल? चावी सचिवांकडे आहे, तर मी जाऊन आणू का? बॅटरी संपली आहे, तर आमचा चार्जर देऊ का? मोठ्यांना हा अगोचरपणा वाटतो. वास्तविक मूल समोर ठेवलेली अडचण दूर करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत असते. प्रत्येक उपायाला नवी सबब लागते आणि एका असत्यापोटी चार असत्ये जन्माला येतात.

वर्तनमानसशास्त्रातील एक सिद्धान्त येथे उपयुक्त ठरतो. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले की, अनियमितपणे फळ मिळणारे वर्तन लवकर विझत नाही. चार वेळा थाप आणि पाचव्या वेळी कंटाळून दिलेला होकार हा याच अनियमिततेचा नमुना होय. ज्या चिकाटीचा शेजाऱ्यांना त्रास होतो, ती चिकाटी काही अंशी त्यांच्या सबबींनीच पोसलेली असते.

मुलाला काय कळते?

"लहान आहे, त्याला काय कळतंय?" या गृहीतावर ही सारी असत्ये उभी असतात. बालमानसशास्त्र या गृहीताला पुष्टी देत नाही. विमर व पर्नर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर हे सर्वमान्य झाले आहे की, साधारण चौथ्या वर्षापासून मुलाला दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते हे उमगू लागते. समजूत चुकीची असू शकते हे कळणे, म्हणजे ती मुद्दाम चुकीची करून देता येते हे कळण्याची पहिली पायरी होय. कोएनिग, क्लेमां व हॅरिस यांच्या २००४ च्या अभ्यासात तीन-चार वर्षांची मुलेही पूर्वी अचूक माहिती देणाऱ्या व्यक्तीवर अधिक विसंबतात, असे आढळले. कुणाचा शब्द खरा ठरतो याची नोंद मूल शाळेत जाण्यापूर्वीच ठेवू लागते.

झाँ पियाजे यांनी १९३२ मधील ग्रंथात दाखवले की, लहान मूल असत्याची गंभीरता हेतूवरून न ठरवता ते वस्तुस्थितीपासून किती दूर आहे यावरून ठरवते. शेजाऱ्याचा हेतू चांगला होता, त्याला कुणाचे मन दुखवायचे नव्हते, हा युक्तिवाद मोठ्यांच्या न्यायालयात टिकेल. लहान मुलाच्या न्यायालयात तो उभाच राहत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील हेज व कार्व्हर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. तीन ते सात वर्षे वयाच्या १८६ मुलांपैकी काहींना प्रयोगकर्तीने आधी एक खोटी गोष्ट सांगितली. शेजारच्या खोलीत गोळ्यांचे मोठे भांडे आहे असे सांगून नंतर ते खरे नसल्याची कबुली दिली. पुढे सर्व मुलांना एका खेळण्याकडे वळून न पाहण्याची सूचना देऊन एकटे ठेवण्यात आले. शाळकरी वयाच्या मुलांत, ज्यांच्याशी खोटे बोलले गेले नव्हते त्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांनी चोरून पाहिले आणि पाहणाऱ्यांपैकी तितक्याच प्रमाणात मुले त्याविषयी खोटे बोलली. ज्यांच्याशी खोटे बोलले गेले होते, त्यांच्यात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ८० व ९० टक्क्यांच्या आसपास गेले. त्याहून लहान मुलांत असा फरक आढळला नाही. येथे असत्य बोलणारी व्यक्ती मुलाची आई नव्हती, शिक्षिकाही नव्हती. ती एक परकी प्रौढ व्यक्ती होती, म्हणजे स्थानाने शेजाऱ्याच्याच जवळची. एका प्रयोगावरून व्यापक नियम काढणे उचित नसले, तरी 'एवढ्याशा थापेने काय होते' या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

हेमन व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या तुलनात्मक अभ्यासात अमेरिकेतील ८४ टक्के व चीनमधील ९८ टक्के पालकांनी मुलांना वळण लावण्यासाठी असत्याचा आधार घेतल्याचे मान्य केले होते. ही प्रवृत्ती कोणत्याही एका संस्कृतीची नाही, हे यावरून स्पष्ट होते.

परंपरा आणि नीतिविचार

भारतीय परंपरेने सत्याच्या अपवादांचा विचार मोकळेपणाने केला आहे. महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला पाच प्रसंगी बोललेले असत्य पातक होत नाही असे सांगते. थट्टेत, स्त्रियांशी, विवाहप्रसंगी, प्राणसंकटात आणि सर्वस्व लुटले जात असताना, असे ते प्रसंग होत. ही यादी आज जशीच्या तशी मान्य होणार नाही. मात्र तिच्यात मुलांशी बोललेल्या असत्याचा समावेश नाही, हे लक्षणीय आहे.

लोकमान्य टिळकांनी मंडाले येथील कारावासात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तील 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा करताना हेन्री सिज्विक यांच्या मताचा उल्लेख येतो. सिज्विक यांनी १८७४ च्या 'नीतिशास्त्राच्या पद्धती' या अर्थाच्या ग्रंथात, रुग्णाला धक्का बसू नये म्हणून सत्य लपवणे आणि मुलांना न सांगण्याजोग्या बाबतीत कल्पित गोष्टी सांगणे लोकव्यवहाराला मान्य असल्याचे नोंदवले आहे. परंतु त्याच विवेचनात त्यांनी एक अट घातली आहे. एकदा असा अपवाद मान्य केला की त्याची मर्यादा ठरवताना प्रत्येक वेळी लाभ आणि परस्परविश्वासाची होणारी हानी यांची तुलना करावी लागते. शिवाय हा अपवाद फसवल्या जाणाऱ्याच्या हितासाठी आहे. आजीच्या मृत्यूची वार्ता चार वर्षांच्या मुलाला सौम्य करून सांगणे या कसोटीवर उतरू शकेल. गॅलरीतला चेंडू पडद्यामागे ठेवून "आलाच नाही" म्हणणे उतरत नाही, कारण त्यात हित असलेच तर ते बोलणाऱ्याचे असते.

अपवाद मान्य करूनही परंपरेने त्याची किंमत माफ केलेली नाही. युधिष्ठिराच्या 'नरो वा कुंजरो वा'मध्ये शब्दशः असत्य नव्हते. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. साक्षीदाराने कुणाचे प्राण वाचवण्यासाठी खोटी साक्ष दिली, तरी मनुस्मृतीने त्यासाठी सरस्वतीला आहुती देण्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे. असत्य क्षम्य असले तरी त्याने वाणीचे काही बिघडते आणि ते दुरुस्त करावे लागते, ही यामागची दृष्टी आहे. मुलापुरते बोलायचे तर हे प्रायश्चित्त साधे असते. "काल मी तुला खरं सांगितलं नाही, माझं चुकलं" एवढे वाक्य त्याला पुरते. मोठ्यांच्या तोंडून ते फारसे ऐकू येत नाही.

विश्वासाचे व्यावहारिक मोल

हा प्रश्न केवळ नैतिक शुद्धतेचा नाही. उपनगरांतील अनेक घरांत आईवडील दोघेही नोकरीनिमित्त लोकलने दूर जातात व सायंकाळी उशिरा परततात. शाळेतून आलेले मूल शेजारून चावी घेते आणि कुलूप उघडते. त्याचे घंटा वाजवणे दर वेळी चेंडूसाठी किंवा मोबाइलसाठी नसते. पुष्कळदा त्याला घरात एकट्याने बसवत नाही आणि ते सांगता येत नाही, म्हणून ते चेंडूचे निमित्त करते. अशा वेळी दोन्ही बाजूंनी सबबीच बोलल्या जात असतात आणि खरी गोष्ट मात्र अनुच्चारित राहते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद पडल्या, रस्ते पाण्याखाली गेले आणि असंख्य पालक कार्यालयांत किंवा वाटेत अडकले. त्या रात्री उपनगरांतील कितीतरी मुले शेजारच्या घरी जेवली आणि तेथेच झोपली. दिवे नव्हते, दूरध्वनी लागत नव्हते. "तुझे आईबाबा सुखरूप आहेत, सकाळी येतील" हे शेजारच्या काकूंचे शब्द हाच मुलाचा आधार होता. हे शब्द मुलाला धीर देऊ शकले की नाही, हे त्या रात्री ठरले नसणार. आधीच्या शेकडो सायंकाळी काकूंचे शब्द किती वेळा खरे ठरले होते, त्यावर ते ठरले असणार. शेजाऱ्याच्या शब्दाची पत अशी चेंडू, चावी आणि चॉकलेट यांच्या किरकोळ व्यवहारांतून साठत किंवा खर्ची पडत असते.

पर्यायांची दिशा

सत्य बोलावयाचे म्हणजे मुलाला सर्व काही सांगावयाचे, असे नाही. शेजाऱ्याला आपला खाजगीपणा जपण्याचा पूर्ण अधिकार आहे. रात्रपाळी करून झोपलेला माणूस, अंथरुणाला खिळलेली वृद्ध आई, किंवा दुसऱ्याच्या मुलाला पालकांच्या संमतीविना घरात घेण्याविषयीचा संकोच, ही सारी कारणे योग्य आहेत. कारण न सांगण्याचाही अधिकार आहे. मौन आणि असत्य यांतील हा भेद येथे निर्णायक ठरतो.

व्यवहारात तीन गोष्टी उपयुक्त ठरतात. एक, नकार आपल्या नावावर घेणे. "आज नको रे बाळा, मी दमले आहे" या वाक्याला मुलापाशी प्रतिप्रश्न नसतो, कारण त्यात दूर करण्याजोगी अडचणच नसते. दोन, वेळ सांगायची तर पाळता येईल अशी सांगणे. "रविवारी चार ते पाच" हा शब्द पाळला गेला की इतर दिवशीची घंटा आपोआप कमी होते. तीन, वारंवार उद्भवणाऱ्या प्रश्नांचा निर्णय दारात न करता संस्थेच्या सभेत करणे. खेळाच्या वेळा, गच्चीचा वापर आणि चेंडू परत देण्याची रीत ठरवताना मुलांनाही बोलावता येईल. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या अनुच्छेदाने मुलांना त्यांच्याविषयीच्या बाबतीत मत मांडण्याचा हक्क दिला आहे. अशा ठरावानंतर "कमिटीने सांगितले आहे" हे वाक्य थाप न राहता वस्तुस्थिती बनेल.

समारोप

शेजारच्या मुलाला मारलेली थाप ही दुष्टपणातून येत नाही. सलोखा, थकवा आणि जागेची टंचाई यांतून ती येते. तिच्यामुळे कुणाचे तत्काळ नुकसानही होत नाही. परंतु ती ज्या हेतूने बोलली जाते तो हेतू ती साध्य करीत नाही. मुलाची चिकाटी वाढवते, पालकांपासून फार काळ लपत नाही आणि अडचणीच्या वेळी लागणारी विश्वासाची पुंजी आधीच खर्च करून ठेवते. जे मूल दहाव्या वेळी घंटा वाजवते, त्याने नऊ वेळा ऐकलेल्या शब्दांवर अजून विश्वास ठेवलेला असतो. ज्या दिवशी ते घंटा वाजवणे थांबवील, त्या दिवशी शेजाऱ्याला शांतता लाभेल. मात्र त्यामागे मुलाला आलेला समंजसपणा आहे, की त्याचा विश्वास संपला आहे, हे बंद दाराआडून कळणार नाही.